रत्नाताईंनी सांगितलेला हिमालय

रत्नाताई मला पहिल्यांदा दिसल्या त्या कुवेतमध्ये, आमच्या फहाहीलच्या इमारतीच्या जिन्यात. शुक्रवारची सकाळ होती. त्यांच्या दोन्ही हातांत पाण्याने भरलेले कॅन होते आणि मागून आमचा इजिप्शियन हारिस, म्हणजे इमारतीचा रखवालदार, हातवारे करत धावत होता. लिफ्ट चालू आहे हे तो बिचारा अरबीत, मोडक्या हिंदीत आणि खुणांनी सांगून दमला होता. ताई थेट वरच्या मजल्यापर्यंत गेल्या, कॅन टेकवले, घाम पुसला आणि तेच कॅन उचलून पुन्हा खाली निघाल्या. मी दारात उभी होते. न राहवून विचारलं, "पाणी कुणाकडे पोचवायचंय?"

"कुणाकडंच न्हाई. हिमालयात जायचंय," त्या म्हणाल्या. "तूबी चल की. नुसती दारात उभी ऱ्हाऊन काय करायलीस?"

ना ओळख ना पाळख, आणि एकदम 'तू'! मी पुण्याची, मला राग यायला एवढं पुष्कळ झालं. तरी पुढच्या शुक्रवारी मी एक कॅन घेऊन त्यांच्या मागे जिना चढत होते. कशी, ते मलाही सांगता येणार नाही. रत्नाताईंना नाही म्हणणं कुणालाच जमत नसे.

त्या औरंगाबादच्या. आमच्या हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात सिस्टर होत्या, मी तिथेच लॅबमध्ये. लग्न केलं नव्हतं. वडिलांनी दीक्षा घेतलेली. ताईंच्या खोलीत पांढऱ्या कापडावर बुद्धाची वीतभर मूर्ती असे आणि तिच्यासमोर रोज एक मेणबत्ती. कुवेतमधली आम्ही मंडळी सुट्टीत गावी जायचो ती फ्लॅट बघायला, सोनं पोचवायला, कुणाचं तरी लग्न जमवायला. ताई मात्र चार दिवस घरी टेकून डोंगर गाठायच्या. "वर्षभर वाळू बघायची अन् सुट्टीत बँका बघायच्या? डोळ्यांनी आपलं काय घोडं मारलंय?" असा त्यांचा सवाल असे.

नव्वदच्या ईदच्या सुट्टीत त्या आम्हा काही जणांना सिक्कीमला घेऊन गेल्या. आमचे हे मीना अब्दुल्ला इथल्या तेलाच्या रिफायनरीत होते. जिना चढायला नाखूश, पण डोंगरात सगळ्यांत पुढे. पहिल्याच गोंपात, म्हणजे तिथल्या बौद्ध मठात, ताईंचा चेहरा पडला. भिंतीभर दात विचकणारे रंगीत मुखवटे, लोण्याचे दिवे, ढोल, कर्णे. "ह्ये आपले बुद्ध न्हाईत बाई," त्या माझ्या कानात कुजबुजल्या. "आपले किती शांत हायेत." मग एका कोपऱ्यात जाऊन त्यांनी डोळे मिटले आणि हळू आवाजात 'बुद्धं सरणं गच्छामि' हे त्रिसरण म्हणायला सुरुवात केली. खांबाशी एक म्हातारा लामा बसला होता. त्याला ना मराठी येत होती ना हिंदी, पण ते शब्द ऐकून तो उठला, ताईंच्या शेजारी येऊन बसला आणि त्यांच्या सुरात आपला सूर मिसळून त्याच्या भाषेत काहीतरी म्हणू लागला. नंतर त्याने लोण्याचा खारट चहा दिला. एरवी चहात साखर कमी पडली तर कप परत पाठवणाऱ्या ताईंनी तो सगळा प्यायला. "घरचा हाय," एवढंच बोलल्या.

पुढे तिथल्या लेपचा आदिवासींच्या एका गावाला गेलो. वाटेत नदीवर वेताचा झुलता पूल होता आणि त्यावर मी मधोमध रडकुंडीला आले होते, हे ताईंनी पुढे साऱ्या फहाहीलला सांगितलं. गावातल्या एका म्हातारीने आम्हाला बांबूच्या उंच पेल्यात बाजरीसारख्या धान्याची आंबवलेली पेज दिली, नळीने ओढून प्यायची. ती पेज चढते हे आम्हाला नंतर कळलं. ताई आणि ती म्हातारी एकमेकींचे हात हातात घेऊन दुपारभर हसत बसल्या होत्या, एकीचा शब्द दुसरीला कळत नसताना.

शेवटी पायथ्याचं जंगल. पहाटेच्या धुक्यात हत्तीवरून निघालो. माणूस बुडेल एवढं गवत. अचानक ते हललं आणि समोर गेंडा उभा राहिला. अंगाला चिखल, पाठीवर दोन पांढरे पक्षी. तो आमच्याकडे बघतच राहिला आणि मग सावकाश, आम्ही कुणीच नाही अशा थाटात, चरायला लागला. ताई परतेपर्यंत बोलल्या नाहीत. रत्नाताई गप्प बसलेल्या मी तेवढ्याच पाहिल्या.

पण त्यांची खरी सहल सुरू व्हायची ती परतल्यावर. ज्यांना रजा मिळाली नाही त्यांच्या घरी जाऊन त्या सगळा प्रवास सांगत. फोटो दाखवत नसत. "फोटू बघून मानूस 'छान छान' म्हनतो अन् चहाला लागतो," असं त्यांचं म्हणणं. सांगायचं ते अगदी पहिल्यापासून, क्रमाने, एकही वळण न गाळता. एका बैठकीत मावलं नाही तर उरलेलं पुढच्या वेळी. मधलं गाळून पुढे जायची कुणाला मुभा नव्हती. बाजारात कापडाचं दुकान असलेले रत्नागिरीचे गफूरभाई एकदा वैतागून म्हणाले, "ओ सिस्टर, त्या गेंड्याचा काय ता सांगा ना एकदाचा!"

"आधी पूल वलांडा, गफूरभाई. मधीच कसा गेंडा दिसंल? आमाला दिसला का?"

आम्ही हसायचो. त्यांच्या मते डोंगर चढल्याशिवाय कुणाला काही दिसू नये, ऐकणाऱ्यालासुद्धा.

ऑगस्टमध्ये इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि सगळंच थांबलं. दुकानं रिकामी झाली, पगार बंद झाले, रस्त्यांवर चौक्या बसल्या. भारतीयांसाठी बसरा, बगदाद करत अम्मानला जायच्या बस निघू लागल्या. तिथून मुंबईचं विमान. आमचा गट ठरला आणि त्यात ताईंचीही जागा धरली. निघायच्या आदल्या दिवशी त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "माझी जागा कुणाला तरी द्या. मी न्हाई येत."

त्यांच्या वॉर्डात रामआसरे नावाचा एक बिहारी मजूर होता. जुलैत परांचीवरून पडून त्याचं कंबरेचं आणि मांडीचं हाड मोडलं होतं. पायाला वजनं लटकवून तो पाठीवर पडून होता; त्याला बसमध्ये बसवणं शक्यच नव्हतं. त्याचे सोबती निघून गेले होते. वॉर्डातल्या बहुतेक नर्सही गेल्या होत्या.

मी भडकले. "तो तुमचा कोण लागतो?"

"पेशंट लागतो."

"आणि तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"तू लै बोलतीस, वसुधा. पान्याचे कॅन भरून घे. वाळवंटात लागतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बसपाशी आल्या, प्रत्येकाच्या पायांतले बूट बघितले, माझ्या नवऱ्याला नाडी नीट बांधायला लावली आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून निघून गेल्या. वळून पाहिलंसुद्धा नाही. मी बसरा येईपर्यंत रडत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यावर रागावलेलीही होते.

दिवाळीनंतर त्या सुखरूप मुंबईत उतरल्याचं कळलं. एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात आम्हाला कुवेतहून परत बोलावणं आलं, तेव्हा जाण्याआधी मी औरंगाबादला त्यांना भेटायला गेले. मला वाटलं होतं, सामान बांधून बसल्या असतील. तर त्या अंगणात वाळवणाला राखण बसलेल्या. खूप वाळल्या होत्या. "मी आता न्हाई येनार तिकडं," त्या म्हणाल्या.

चहा झाला. मी रामआसरेची चौकशी केली.

"गेला," त्या म्हणाल्या. "हाड जुळत आलं व्हतं. रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली."

 ताई पुढे सांगू लागल्या. वॉर्डात औषधं संपत आलेली, दुखणं थांबवायला द्यावं असं हाताशी काही नाही. मग रोज दुपारी त्या त्याच्या खाटेशी बसून त्याला सिक्कीम सांगायच्या. त्याने जन्मात डोंगर पाहिलेला नव्हता. गोंपातल्या म्हाताऱ्या लामाने काय म्हटलं असेल, यावर तो स्वतःच अंदाज बांधायचा. लेपचा म्हातारीच्या गावात तर त्याने मुक्कामच ठोकला. ती पेज, ते हसणं त्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागे. दुखायला लागलं की म्हणायचा, "सिस्टर, आज कहाँ तक चलेंगे?"

"पयल्याच दिवशी त्येनं इचारलं व्हतं, गैंडा देखा क्या," ताई म्हणाल्या. "मी म्हनलं, देखेंगे, रास्ते में बहुत कुछ है. माझी आपली सवय. मग एकदाचे जंगलाच्या तोंडाशी आलो. त्या दिवशी मी लै दमले व्हते गं. म्हनलं, कल हाथी पर बैठेंगे. लेकराला जत्रेला न्यावं तसा खूश झाला. सकाळी ड्यूटीवर गेले, तर खाट रिकामी."

वाळवणावर एक चिमणी उतरली. ताईंनी ती हाकलली नाही.

"ताई, शेवटपर्यंत त्याला तुमची सोबत तरी मिळाली," मी म्हणाले.

"सोबत मिळाली," त्या म्हणाल्या. "पन गेंडा न्हाई दिसला त्येला."