मावशीची उलटी गाठ

चूक भाच्याची होती, आणि तो भाचा म्हणजे हे लिहिणाराच, तेव्हा लपवून काही उपयोग नाही. मावशीला प्रथमोपचाराच्या वर्गाला नाव घालायचं होतं. अर्धा दिवस बसून राहायचं, वर चहा मिळायचा. तिचा विचार एवढाच. अर्ज मोबाइलवर भरायचा होता आणि घरात मोबाइलवर भराभर बोटं चालवणारा विद्वान एकच. विद्वानाचं बोट एक ओळ वर पडलं. त्या ओळीत लिहिलं होतं, 'महिला नेतृत्व विकास, विभागप्रमुखपदासाठी'. खाली 'आपले ध्येय' असा रिकामा चौकोन होता. प्रथमोपचाराला ध्येय कशाला लागतं, हा प्रश्न विद्वानाला पडला नाही. गावच्या शाळेत ज्या निबंधाला बक्षीस मिळालं होतं, त्यातला पाठ असलेला परिच्छेद त्याने तिथे ठेवून दिला. स्वतः जळून दुसऱ्याला उजेड देणारी ज्योत वगैरे.

पंधरा दिवसांनी मोठ्या साहेबांनी मावशीला बोलावून सांगितलं की ज्योत त्यांना फार आवडली.

मावशी रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कपड्यांच्या घड्या घालायची, चौदा वर्षं. बोलणं इतकं कमी की तिथल्या बायका तिला 'हूंबाई' म्हणत. हो असो की नाही, उत्तर 'हूं'. साहेबांपुढेही ती 'हूं' म्हणाली आणि त्यांनी तो होकार धरला. अशा रीतीने घडीच्या खोलीची प्रमुख म्हणून तीन महिन्यांच्या चाचणीवर तिची नेमणूक झाली, आणि सोबत मार्गदर्शनासाठी एका कोच बाईंबरोबर सहा बैठका. घरी येऊन तिने भाच्याला एवढंच विचारलं, "जळणार कोण म्हणालास?"

खरी पंचाईत मात्र घडीच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तिथे तिची थोरली जाऊ काम करायची. मावशीला या कामावर लावणारी तीच, पहिली घडी हाताला धरून शिकवणारीही तीच. घरात जिच्या शब्दाबाहेर मावशी कधी गेली नाही, तिला आता कामावर मावशीने सूचना द्यायच्या.

ऑपरेशनला लागणारं प्रत्येक कापड आधी काचेच्या टेबलावर पसरायचं, असा तिथला नियम. काचेखाली दिवा असतो. भोक असेल तर त्यातून उजेड डोळ्यात शिरतो. मग घडी, मग गठ्ठा, वर पट्टीची गाठ, आणि गाठीत घडी घालणारीच्या नंबराची चिठ्ठी. जाऊबाईंचा नंबर सात. पहिल्याच आठवड्यात मावशीच्या ध्यानात आलं की सातच्या गठ्ठ्यांतून फाटकी कापडं सुटतात. घड्या देखण्या, कडा सुरीने कापल्यासारख्या, आणि आत मात्र भोक.

बोलायला हवं होतं. त्याऐवजी मावशीने स्वतःला झेपणारा उपाय काढला. सगळ्या घरी गेल्या की सातचे गठ्ठे सोडायचे, एकेक कापड दिव्यावर धरायचं, फाटकं काढून धड घालायचं, पुन्हा बांधायचं, आणि गाठीत चिठ्ठी पुन्हा सातचीच. रोज तास-दीड तास जादा. विचारलं तर म्हणे, प्रमुखाला कामं असतात. ज्योत नियमाने जळू लागली.

इकडे कोच बाईंच्या बैठका सुरू झाल्या. मावशीला वाटलं होतं फळ्यावर काहीतरी शिकवतील. या बाई नुसतं विचारायच्या आणि वहीत लिहायच्या. "पगार यांनी घ्यायचा आणि उत्तरं मी द्यायची," असं तिने घरी ऐकवलं. पहिल्या बैठकीत तर हूं-पलीकडे काही निघालंच नाही. शेवटी बाईंनी हात टेकले आणि आपलंच एक रडगाणं सांगितलं, की घरातली इलॅस्टिकची चादर काही केल्या घडी होत नाही, गोळा करून कपाटात कोंबावी लागते. त्यावर मावशी पहिल्यांदा आख्खं वाक्य बोलली. "कोपरे एकमेकांत घालायचे असतात. दाखवेन कधीतरी." बाईंनी तेही वहीत लिहून घेतलं.

चौथी बैठक संध्याकाळी उशिरापर्यंत चालली. त्याच दिवशी, एरवी सकाळी येणारी ऑपरेशन थिएटरची गाडी नेमकी आदल्या संध्याकाळीच येऊन गठ्ठे घेऊन गेली, न सोडलेले, न तपासलेले. दुसऱ्या सकाळी एक परत आला. ऐन वेळी कापडात बोट जाईल एवढं भोक सापडलं होतं, सगळा संच टाकून दुसरा मागवावा लागला, ऑपरेशन अर्धा तास लांबलं. रोग्याला काही झालं नाही, पण साहेबांच्या टेबलावर चिठ्ठी पोचली होती. सात. साहेब म्हणाले, शनिवारपर्यंत लेखी द्या; सातला कामावर ठेवायचं की काढायचं, तुम्हीच सांगा.

मावशीचं ठरलं. तो गठ्ठा मीच बांधला होता, असं लिहून द्यायचं, म्हणजे जाऊबाई सुटतील. पद गेलं तर गेलं, मागितलं होतं कुणी? शुक्रवारी पाचव्या बैठकीत तिने हे सगळं सांगितलं. बाईंनी शाबासकी दिली नाही आणि त्या रागावल्याही नाहीत.

"तुम्ही गठ्ठे सोडता, हे जाऊबाईंना माहीत आहे?"

"नाही."

"कधी विचारलंत?"

मावशी खुर्चीवरून उठली आणि घडीच्या खोलीकडे निघाली.

त्या संध्याकाळी बायका चपला घालत होत्या तेव्हा तिने जाऊबाईंना थांबवून घेतलं. खोली रिकामी झाली. मावशीने काचेखालचा दिवा लावला आणि परत आलेलं कापड पसरलं.

"ताई, हे भोक तुम्हाला दिसत नाही. दोन महिने झाले. तुम्ही गेलात की मी तुमचे गठ्ठे सोडते."

जाऊबाईंनी कापडावरून हात फिरवला, भोकापाशी बोट थांबलं. "माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला? कसं?"

"तू डावरी. तुझी गाठ उलटी पडते. सकाळी गठ्ठे गाडीवर चढवताना हाताला लागते की."

"मग बोलला का नाहीत?"

"मी काय बोलू? प्रमुख तू. रोज वाटायचं, आज सांगेल. मग वाटायला लागलं, ही आपल्याला निकामी समजून गोंजारते आहे. घास गोड लागेना मला. एकदा तोंडावर बोलली असतीस तर सुटले असते गं."

मावशी स्टुलावर बसली. दोन महिन्यांचं ओझं असं एका वाक्यात उतरल्यावर माणसाला आधी हसू येतं की रडू, हे तिलाही कळेना, दोन्ही आलं. जाऊबाईंनी तिला पाणी दिलं आणि गठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि कोपरा अजून सैल सोडतेस तू."

लेखी दोघींनी मिळून लिहिलं. या वेळी भाच्याला बोलावलं नाही. ज्योतीचा उल्लेख कुठेही नव्हता. गठ्ठ्यांतली फाटकी कापडं मी झाकली, ते चुकलं. ताईंचे डोळे तपासून होईपर्यंत त्या नव्या मुलींना घडी शिकवतील. दिव्याच्या टेबलावर दुसऱ्या दोघीजणी आळीपाळीने बसतील. साहेबांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, समजा सातला काढायचंच ठरलं तर? "तर आधी मला काढा. लपवलं मी," मावशी म्हणाली. एवढं लांब उत्तर तिच्याकडून त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्यांनी सही केली.

जाऊबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. पुढच्या महिन्यात त्याच रुग्णालयात ऑपरेशन ठरलं. आत नेण्याआधी जाऊबाईंनी अंगातल्या गाऊनची शिवण चाचपून पाहिली आणि विचारलं, "आत आज कुणाचा गठ्ठा आहे?"

"तीन नंबरचा."

"तू सोडून बघितलास?"

"नाही."

"बरं केलंस," म्हणून त्या आत गेल्या. तासाभराने डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आल्या आणि पहिली तक्रार चहा गार असल्याची केली. तेव्हा कुठे मावशीने सुटकेचा निःश्वास टाकला.

तिचं पद आता कायम झालं आहे. बायका घरी जातात तेव्हा तीही जाते. नव्या मुलींना चूक तिथल्या तिथे सांगते, फार वेळ लावत नाही. हूंबाई हे नाव मात्र काही सुटलं नाही. सहावी बैठक नेमकी ऑपरेशनच्याच दिवशी होती, ती राहून गेली. मावशीने फोन करून सांगितलं तेव्हा कोच बाई म्हणाल्या, बैठकीचं राहू द्या, माझ्या वहीत तुमचं दुसरंच काहीतरी बाकी आहे.

मावशीच्या लक्षात आहे. येत्या रविवारी जाईन, असं ती तीन रविवार म्हणते आहे. चादर अजून तशीच, गोळा होऊन, त्यांच्या कपाटात असणार.