हरिश्चंद्र कुकाचे डोनट

मुरुगवाड्यातले हरिश्चंद्र सुर्वे वाटेत भेटले की आधी सिंगापूर ऐकवायचे, मग रॉटरडॅम, आणि शेवटी तुमच्या पिशवीत कुठली मासळी आहे ते पिशवी न उघडता सांगायचे. गणपतीनंतर त्यांनी हे शेवटचं बंद केलं, आणि वाडीत एकाच्याही ते लक्षात आलं नाही. एरवी कोणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या होतात तेही आम्हाला पाठ असतं!

सत्तावीस वर्षं बोटीवर कुक. टँकरवर बावीस माणसांना रांधून घालणारा हा गृहस्थ घरी मात्र पाण्याचा पेलाही हाताने घ्यायचा नाही. त्यामुळे त्या दिवशी सकाळी "आज स्वयंपाकघर माझं, तू बाजार करून ये," असं त्याने म्हटल्यावर त्याच्या बायकोने, मथुराने, त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"ताप बीप नाय ना आला?"

"ऑफिसला व्हिडिओ पाठवायचाय गो. नव्या बोटीच्या कॅप्टनला रविवारी सकाळी ताजे डोनट लागतात. फ्रीजरमधले चालत नाहीत त्याला."

"करा तर. पण माझी भांडी इकडची तिकडे नकोत."

ती गेली. हरिश्चंद्राने दाराला कडी घातली आणि स्टुलावर बसून घेतलं.

गणपतीत त्याला ताप आला होता. चार दिवसांनी ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. आधी त्याला सर्दी वाटली. वाफारे झाले, ओव्याची पुरचुंडी झाली, मथुराचा डोळा चुकवून हिंगाच्या डबीत नाक खुपसूनही झालं. हिंग आणि रांगोळी, दोन्ही सारखीच. कोणाला सांगितलं नाही. त्रेपन्नाव्या वर्षी, दूध नासलंय की नाही हे न कळणाऱ्या कुकाला बोटीवर कोण घेणार? बायकोला सांगितलं तर ती जाऊ देणार नाही. जेवताना तो "वा, काय वास सुटलाय!" म्हणायचा, आणि म्हटल्यावर तिच्या तोंडाकडे बघत राहायचा.

कोमट दुधात साखर आणि यीस्ट घातलं. पूर्वी हे भांडं नाकाशी नेलं की काम झालं का ते कळायचं. आता तो घड्याळ आणि फेस यांच्याकडे आळीपाळीने बघत बसला. फेस वर आला तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला. मैदा, अंडं, लोणी, चिमटीभर मीठ. मळायला लागल्यावर घड्याळाकडे बघावं लागलं नाही. हातांना सगळं येत होतं. गोळा ताणला की पापुद्र्यासारखा पातळ होई, फाटत नसे. दीड तासात तो फुगून दुप्पट झाला. पेल्याने चकत्या पाडल्या, औषधाच्या बाटलीच्या झाकणाने मधली भोकं, आणि पुन्हा फुगायला ठेवल्या.

तेल काढायला गेला तर पिशवी रिकामी. फळीवर स्टीलची किटली होती, तिच्यात तेल. सोनेरी, नितळ. त्याने ती उचलून नाकाशी नेली. सत्तावीस वर्षांची सवय. नाकाला काही लागलं नाही, आणि डोक्याने बिनदिक्कत ठरवून टाकलं, तेल ताजं आहे.

डोनट मात्र बघण्यासारखे झाले. दोन्ही बाजूंनी तांबूस, मधोमध फिकट पट्टा. गरम असतानाच पिठीसाखर, दूध आणि व्हॅनिलाच्या पाकात बुडवून काढले. काचेसारखे चमकायला लागले. त्याने व्हिडिओ काढला, एक डोनट मोडून आतली जाळी दाखवली, पाठवून दिला. खूप दिवसांनी हसला.

तेवढ्यात दारावर थाप. शेजारची धोंडूबाई. कडी निघायच्या आतच तिचं सुरू झालं.

"हरी, मेल्या, सकाळच्या पारी बांगडे तळतोस? आणि आज संकष्टी!"

"बांगडे कुठले काकी? डोनट आहेत. गोड."

धोंडूबाईने ताटाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. पदर नाकाला लावला. "गोड बांगडा मी बाय जन्मात नाय बघितला," म्हणाली आणि पुढच्या घरी सांगायला पळाली.

हरिश्चंद्राने किटलीत वाकून बघितलं. तळाला मसाल्याचा लालसर गाळ बसलेला. आता भांडी घासायची, खिडक्या उघडायच्या, डोनट... पण मथुरा दारात उभी होती. हातात पिशवी तशीच.

"वास कसला येतोय हो?" तिने विचारलं. अगदी सहज.

काकी बोलून गेली होती. तो "माशाचा" म्हणू शकला असता. पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून रोजचं पाठ केलेलंच बाहेर पडतं.

"व्हॅनिलाचा. मस्त."

मथुराने पिशवी खाली ठेवली. "कधीपासून?"

तो डोनटचं ताट झाकायला लागला.

"कालच्या बांगड्याचं तेल गाळून ठेवलंय मी त्या किटलीत. अख्ख्या वाडीला वास येतोय. कधीपासून, हरीबाबू?" ती त्याला हरीबाबू फार चिडली किंवा फार घाबरली तरच म्हणायची. आज कुठलं, ते त्याला कळेना.

"गणपतीपासून."

"मागच्या बोटीवर गॅलीत, तुमच्या स्वयंपाकघरात, वायर जळत होती, ती वासावरून कोणी ओळखली? सगळे झोपेत होते म्हणालात ना? बावीस माणसं, आणि खाली सगळं तेल."

"माहीत आहे गो मला!" तो ओरडला, आणि मग आवाज खाली आणला. "रोज तेच दिसतं मला. धूर दिसेपर्यंत मी कांदा परतत उभा आहे."

मथुरा त्याच्या बाजूला भिंतीला टेकून बसली. जाऊ नका म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तिचे हात गार पडले होते.

फोन वाजला. मुंबईच्या ऑफिसातला स्वरूपसाहेब. "सुर्वे, एक नंबर! कॅप्टन फिदा आहे तुमच्यावर. शुक्रवारचं तिकीट काढतोय, हो म्हणा फक्त."

व्हिडिओला वास नसतो. हो म्हणायचं, बॅग भरायची, कोणाला कळणार होतं? जिभेवर हो आलेलाही होता. मथुरा जमिनीकडे बघत होती.

"तिकीट काढू नका साहेब," तो म्हणाला. "मला वास येत नाही."

पलीकडे साहेब मोठ्याने हसला. "काय मस्करी करताय, सुर्वे!"

फोन दोन्ही हातांनी धरून हरिश्चंद्राने तेच वाक्य पुन्हा, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. या वेळी पलीकडे कोणी हसलं नाही.