झोपून खेळायची खेळणी

माझी धाकटी बहीण पाच वर्षांची असताना शेजारच्यांच्या जिन्यावरून पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही नाशिकला पंचवटीत दोन खोल्यांत राहायचो. वडील पोस्टात होते, आई घरी ब्लाउज शिवायची. डॉक्टरांनी धाकटीला छातीखालपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, "दोन महिने उताणी. बसवायचं नाही, उशीसुद्धा पातळ द्या."

पहिले दोन दिवस तिला त्याची ऐट वाटली. गल्लीतली मुलं येऊन प्लास्टरवर टकटक करून जायची. तिसऱ्या दिवशी ती रडायला लागली आणि थांबेचना. आईचं शिवणकाम थांबलं, मी शाळेतून आले की दप्तर टाकून तिच्याजवळ बसायचे, पण मी तरी किती गोष्टी सांगणार? तेव्हा एका शनिवारी वडिलांनी मला सायकलवर डबलसीट घेतलं, गोदावरीचा, म्हणजे आमच्या गंगेचा, पूल ओलांडला आणि मेनरोडला एका खेळण्यांच्या दुकानासमोर उतरवलं. म्हणाले, "मी औषधं घेऊन येतो. तोवर तिच्यासाठी काहीतरी निवड."

दुकान म्हणजे एक लांबट बोळच होता. वर आडव्या दोऱ्या, त्यांना टांगलेल्या बॅटी, हेलिकॉप्टरं, भातुकलीचे जाळीतले संच, फुगवलेले ससे. काचेच्या कपाटात चावीची माकडं आणि गाड्या. कपाटावर पाटी, 'कृपया हात लावू नये'. गल्ल्यावर काका आणि मागच्या स्टुलावर काकू. दोघंही तेव्हा पन्नाशीच्या पुढचे असतील. आम्ही वर्षातून एकदा, वाढदिवसाला तिथं जायचो, तेवढीच ओळख.

मी अकरा वर्षांची होते. आयुष्यात पहिल्यांदा त्या दुकानातलं काहीही निवडायची मोकळीक मिळाली होती आणि मला काहीच निवडता येत नव्हतं. चावीची गाडी कॉटवरून खाली पडणार. चेंडू तर नकोच. पझलचे तुकडे पोटावर कसे राहणार? प्लास्टर तर उतरतं होतं. मी एकेक वस्तू बघत उभीच राहिले. शेवटी काकांनी चष्मा कपाळावर ढकलून विचारलं, "काय गं, ठरत नाही का?"

मी सगळं सांगितलं. सांगता सांगता मलाच रडू आलं.

काकांनी मला गप्प वगैरे केलं नाही. प्रश्न विचारले. हात दोन्ही चांगले आहेत ना? मान वळते? कॉट खिडकीजवळ आहे की भिंतीजवळ? तिला जास्त काय आवडतं, बघायला की काही करायला? मग ते उठले, गल्ल्यामागची सतरंजी झटकली आणि चक्क उताणे झोपले.

"अहो, गिऱ्हाईक येईल," काकू म्हणाल्या.

"येऊ दे. तो छऱ्यांचा खेळ दे जरा."

काकूंनी कपाटातून काचेखाली छरे फिरणारा भूलभुलैया काढून दिला. काकांनी तो तोंडावर धरला. सगळे छरे काचेला येऊन चिकटले, एकही भोकात जाईना. "नापास," काका म्हणाले. पाण्याच्या रिंगांचा खेळ नापास झाला. डबीतला साप थेट त्यांच्या नाकावर पडला, तेव्हा काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि मीही हसले. एक बाई आत आल्या, जमिनीवर झोपलेला दुकानदार बघून दारातच थबकल्या. काका झोपूनच म्हणाले, "या ताई, दोन मिनिटं. परीक्षा चालू आहे."

दोन गोष्टी पास झाल्या. एक मॅजिक स्लेट, म्हणजे लिहून वरचा कागद उचलला की पुसली जाणारी पाटी, आणि दुसरं शोभादर्शक. वडील आले तेव्हा दोन्ही बांधून तयार होतं. काकांनी त्यांच्याकडून आमचा पत्ता लिहून घेतला. कशाला, ते आम्हाला कळलं नाही.

पुढच्या सोमवारी दुकान बंद असताना काका आमच्या दारात उभे. हातात कापडी पिशवी. आई गडबडली, तिनं घाईघाईनं खुर्चीवरचे ब्लाउज उचलले. काका धाकटीच्या कॉटशी गेले, तिच्या उशीजवळ वाकून खोली तिच्या बाजूनं कशी दिसते ते पाहिलं आणि पिशवीतून दोरा, दोन लाकडी रिळं आणि एक प्लास्टिकचा टेम्पो काढला. टेम्पोची चाकं गेलेली होती. त्यांनी खिडकीच्या गजापासून स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीपर्यंत दोरा ताणला, त्याला टेम्पो उलटा होणार नाही असा टांगला आणि ओढायची दोरी धाकटीच्या हातात दिली.

"ओढ," ते म्हणाले.

तिनं ओढली. टेम्पो हलत डुलत तिच्या पोटावरून निघाला आणि स्वयंपाकघराच्या दारात आईसमोर जाऊन थांबला. धाकटी इतक्या मोठ्यानं ओरडली की वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले.

द्राक्षांचे दिवस होते. वडिलांचे एक मित्र पिंपळगावहून पेटी पाठवायचे. त्यानंतरचे सहा आठवडे आमच्या घरात द्राक्षं टेम्पोनंच यायची. धाकटी टेम्पो रिकामा पाठवायची, आई मशीनवरून उठून त्यात चार मणी टाकायची, टेम्पो परत जायचा. मी अभ्यासाला बसले की त्यात चिठ्ठी यायची. तिला लिहिता येत नव्हतं, नुसत्या रेघोट्या असायच्या, पण उत्तर आलंच पाहिजे असा तिचा हट्ट असायचा. आईचे ब्लाउज पुन्हा वेळेवर जायला लागले. त्या घरात पुन्हा माणसं एकमेकांशी सरळ आवाजात बोलायला लागली, एवढं मला नक्की आठवतं.

प्लास्टर निघालं, पण पाय बारीक झाला होता आणि धाकटी जमिनीवर उभी राहायला तयार होईना. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, भीती गेली की चालेल. वडिलांनी पांगुळगाडा आणला. तिनं तो बघितला आणि म्हणाली, "मी काय बाळ आहे?" आणि तोंड फिरवलं.

वडील तिला कडेवर घेऊन मेनरोडला गेले, मीही बरोबर होते. या वेळी काकू पुढं झाल्या. त्यांनी माळ्यावरून बाहुलीची एक लाकडी गाडी काढली, चांगली जड. तिच्यात एक बाहुली झोपवली, पांघरूण घातलं आणि धाकटीला म्हणाल्या, "हिला ताप आलाय गं. जरा बाहेरची हवा दाखवून आण. मला गुडघ्यामुळं जमत नाही."

धाकटीनं बाहुलीकडं पाहिलं. मग वडिलांच्या कडेवरून खाली उतरली, दांडा धरला आणि त्या अरुंद दुकानात, दोन्ही बाजूंनी हात लावू नये अशा वस्तूंच्या मधून, दारापर्यंत चालत गेली. वडिलांनी तोंड भिंतीकडं केलं. काकू हळूच म्हणाल्या, "राहू दे तिच्याकडं महिनाभर. चालायला लागली की आणून द्या."

ती चालायला लागली. आम्ही गाडी परत नेऊन दिली.

बी. कॉम. झाल्यावर मला नोकरी लागली ती कॉलेज रोडच्या एका मॉलमध्ये, नव्यानं उघडलेल्या खेळण्यांच्या मोठ्या दुकानात. त्या कंपनीची दुकानं शहराशहरांतून निघत होती. दोन हजारनंतरची ती पहिली काही वर्षं. नाशिककर सुट्टीच्या दिवशी सरकता जिना बघायलासुद्धा येत. पिवळा टीशर्ट घालून मी कपाटांच्या रांगांमध्ये उभी राहायचे. पण नोकरी मिळाल्याच्या आनंदात एक खडा होता. मेनरोडचं दुकान आताशा रिकामं दिसायचं, आणि मी गेले होते त्यांचं गिऱ्हाईक ओढणाऱ्यांकडं. न सांगता राहवेना म्हणून पेढे घेऊन गेले.

काकांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "तिथं पोरांना हात लावू देतात?"

"हो. काही खेळणी उघडीच ठेवलीत. जमिनीवर बसून खेळतात पोरं."

"मग चांगलंय," ते म्हणाले. "इथं जागाच नव्हती गं. एक पोर वळलं की चार वस्तू पडायच्या. ती पाटी मला कधी आवडली नाही."

तिथं आम्हाला शिकवलं होतं की गिऱ्हाइकाला आधी बजेट विचारायचं. मी आधी मूल विचारायचे. किती वर्षांचं, घरात एकटं असतं का, कशाला घाबरतं, कशावर हसतं. आमचे मॅनेजर मुंबईचे, पहिल्यांदा वैतागले. "मॅडम, इंटरव्यू मत लो," म्हणाले. पण लोक मला शोधत यायला लागले तसे ते गप्प झाले. निफाडचे एक शेतकरी आजोबा नातवासाठी आले होते. नातू बोलायला उशीर करत होता. आम्ही दोघांनी पाऊण तास घालवून एक तोंडानं वाजवायचा बाजा निवडला. दोन महिन्यांनी ते नुसतं सांगायला आले, "वाजवतो लय. आता 'बाबा' म्हणतोय." हे कुणाकडून शिकले ते मला माहीत होतं.

पुढं सात-आठ वर्षांनी मेनरोडचं दुकान आधी बंद झालं. काकांची मुलं नव्हती आणि काकूंचे गुडघे दुकानाची पायरीही चढू देत नव्हते. तिथं मोबाइलचं दुकान आलं. आणि साधारण वर्षभरात मुंबईहून आमच्या दुकानाचाही निरोप आला. कंपनी सगळीकडचीच दुकानं आवरत होती. आठवडाभर सेलची गर्दी, लोक हाताला येईल ते नेत होते. शेवटच्या दिवशी दुपारी कपाटं रिकामी झाली. आम्ही चार मुली खोक्यांवर बसलो होतो. 

तेवढ्यात काका आले. पेपरात वाचलं म्हणाले. हातात भेळेच्या पुड्या. एक खोकं ओढून आमच्यात बसले, सगळ्या मुलींची नावं विचारली, कोण कुठं राहतं, पुढं काय करणार. मग म्हणाले, "आपण चांगलं काम केलं. लोक घरी हसत गेले. रोज एवढं कुणाला मिळतं?"

मी म्हटलं, "काका, माझ्या बहिणीच्या वेळी तुम्ही सुट्टीच्या दिवशी घरी आलात, दोरा बांधलात, ते मी कधी..."

ते भेळ खाता खाता थांबले. बराच विचार करून म्हणाले, "कोणती बहीण? पायवाली का? की पंचवटीतलीच ती दुसरी, हात मोडलेली?"

 इतकी वर्षं मला वाटत होतं की ते फक्त आमच्यासाठी आले होते.

"किती पोरं पडतात गं," ते ओशाळून म्हणाले. "सोमवारी दुसरं काम तरी काय असायचं?"

त्या संध्याकाळी मी धाकटीला फोन केला. ती देवळ्याला बँकेत होती. काकांना तू आठवत नाहीस, असं सांगितलं तर तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं. ती खूप हसली. मग म्हणाली, "म्हणजे नाशिकमध्ये माझ्यासारखे बरेच आहेत."

रविवारी ती एसटीनं आली आणि आम्ही दोघी काकांच्या घरी गेलो. दार काकूंनी उघडलं. त्यांनी मात्र धाकटीला खालपासून वरपर्यंत पाहिलं, तिचा हात धरला आणि आत वळून म्हणाल्या, "अहो, बघा कोण चालत आलंय." आम्ही जेवायलाच थांबलो.