काचेच्या नळीतलं रक्त

सासूबाईंना घोणस चावली तेव्हा सकाळचे दहा वाजत आले होते. आंबिवलीला आमच्या घरामागे थोडी जागा आहे, तिथे त्या अळू आणि मिरच्या लावतात. मी आत लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत बसलेले. त्या दारात येऊन शांतपणे म्हणाल्या, "पायाला काय तरी चावला गो." घोट्याजवळ दोन ठिपके होते आणि त्यातून येणारं रक्त थांबत नव्हतं.

सासरे जमिनीच्या केसची तारीख म्हणून ठाण्याला गेलेले, कोर्टात त्यांचा फोन बंद. नवरा पुण्याला. शेजारचे चुलत सासरे दोरी घेऊन आले. पाय आवळून आधी विष उतरवणाऱ्याकडे न्यायचं, असं त्यांचं म्हणणं. सात वर्षांत मी त्यांना कधी उलटून बोलले नव्हते.

"काका, बांधायचं नाही. सरळ हॉस्पिटलला जायचं."

ते सासूबाईंकडे बघायला लागले. त्या म्हणाल्या, "ती सांगते तसा करा."

शहाडच्या पुलावर रिक्षा अडकली. त्यांचा पाय माझ्या डोळ्यांदेखत सुजत चाललेला. बोटातलं जोडवं मांसात रुतायला लागलं तेव्हा मी ते काढायला वाकले. त्यांनी आधी पाय मागे घेतला, मग स्वतःच डोळे मिटून पुढे केला.

कल्याणला एका ट्रस्टचं छोटं हॉस्पिटल आहे. तिथे सापाच्या विषावरचं इंजेक्शन असतं, एवढं मला माहीत होतं. तिथल्या डॉक्टर माझ्याच वयाच्या. त्यांनी काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि नळी टेबलावर उभी ठेवली.

"वीस मिनिटं या नळीला कोणी हात लावायचा नाही. पाय बघता घोणसच वाटते. रक्त गोठलं तर ठीक. पातळ राहिलं तर विष भिनलंय."

मी घड्याळासमोर उभी राहिले. पंधराव्या मिनिटाला सासूबाईंनी तोंडावरून पदर फिरवला, तर त्याला लाल डाग. हिरड्यांतून रक्त येत होतं. वेळ झाल्यावर डॉक्टरांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं एका बाजूला धावलं.

"सलाईनमधून इंजेक्शन लगेच सुरू करू. पण त्याची रिॲक्शन येऊ शकते. सही कोण करणार?"

"मी सून आहे," मी म्हटलं आणि सही केली.

दहा मिनिटांतच त्यांना हुडहुडी भरली, अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरायला लागला. मला वाटलं, माझ्याच सहीने यांना मारलं. डॉक्टरांनी सलाईन थांबवलं, मांडीत दुसरं इंजेक्शन दिलं आणि त्यांचा हात धरून थांबल्या. हळूहळू श्वास सुरळीत झाला. मग सलाईन पुन्हा सुरू केलं, अगदी थेंबथेंब.

दुपारी सासरे आले. काय झालं ते ऐकून कोर्टाची फाईल छातीशी धरून बाकावर बसून राहिले. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा वीस मिनिटं. या वेळी डॉक्टरांनी नळी पूर्ण उलटी केली. रक्त तळाला घट्ट धरून राहिलं. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले, बराच वेळ.

पाचव्या दिवशी त्यांना घरी सोडलं. पायाची सूज उतरायला दोन महिने गेले. आता त्या मी आणलेले गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून मागे जातात आणि पाय उकडतात म्हणून मला बोल लावतात. त्या आत येईपर्यंत माझं कामात लक्ष लागत नाही.