खांबाभोवती मेंढरं

अनसाबाईला स्वस्थ बसलेली कुणी पाहिली नाही. बसली तरी एक गुडघा उभा, हातात लोकर नाहीतर काडी, नजर भलतीकडं. तव्यावर भाकरी टाकून ती दारात येई, माळाकडं बघे, तेवढ्यात भाकरी करपे, आणि करपली म्हणून त्या भाकरीलाच दोन शब्द ऐकावे लागत. नवरा रखमाजी म्हणे, "हिला सरणावर ठिवली तरी उठून लाकडं सारखी करंल."

तिचा जन्म चालत्या वाड्यावरचा. वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे. मेंढरं, घोडी, कोंबड्या आणि पोरंबाळं घेऊन दिवाळीनंतर घाट उतरणारं धनगरांचं बिऱ्हाड. लग्नानंतर रखमाजीनं दौंड-शिरूरच्या मधल्या एका गावात थोडी जमीन धरली आणि चालणं थांबलं. तिनं मेंढरं मात्र मोडली नाहीत. "इकून काय करू? भिताडाकडं बघत बसू?" गावाच्या वरच्या अंगाला कुसळी-पवन्याच्या गवताचा माळ होता, मधेमधे हिवराची आणि बोरीची झाडं. तिथं ती मेंढरांमागं दिवसभर फिरे, आणि तेवढाच वेळ तिचा जीव थाऱ्यावर असे.

माळ म्हणजे पडीक, अशी सरकारची एकदा समजूत झाली की ती काढायला ब्रह्मदेव खाली आला तरी उपयोग नाही. नव्वद सालाच्या आसपास अर्ध्या माळावर निलगिरी लागली. झाडं तरारली, त्यांच्याशेजारी उभं राहून साहेबांचे फोटो निघाले, आणि झाडांखालचं गवत गेलं ते गेलंच. निलगिरीच्या पाल्याला मेंढरू तोंड लावत नाही, हे कुणी विचारात घ्यायचं? पुढं बारा-पंधरा वर्षांनी उरलेल्या माळावरही चर खोदून झाडंच लावायची, असं ठरलं. सरपंच पोपटरावांनी पेढे वाटले. अनसाबाईनं हातातला पेढा मेंढराला घातला.

त्याच सुमाराला पुण्याहून सुलक्षणा आली. तळेगाव ढमढेऱ्याच्या बागायतदाराची ही लेक शिकून शास्त्रज्ञ झालेली. तिनं एक उंच लोखंडी खांब निलगिरीत उभा केला आणि दुसरा माळावर. दोन्हींच्या शेंड्यावर यंत्रं. माळावरच्या खांबाला तारेचं कुंपण घातलं आणि राखणीला रखमाजीला ठेवलं. रखमाजी खाकी जाकीट घालून असा हिंडू लागला, की मेंढरं बुजली.

अनसाबाईला राहवेना. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "बाई, ह्यो काय मोजतो?"

"मावशी, जमीन श्वास घेते बघा," सुलक्षणा म्हणाली. "झाडं आणि गवत हवेतला कार्बन आत ओढतात, थोडा परत सोडतात. आपण श्वास सोडतो त्यातही तो असतो. तो किती आत गेला, किती बाहेर आला, पाण्याची वाफ किती उडाली, ऊन किती मुरलं, सगळं हा खांब मोजतो. निलगिरी भर उन्हाळ्यातसुद्धा खालचं पाणी ओढत राहते. गवत वाळून झोपतं, पण कमाई मुळांत ठेवतं. तुमचा माळ झाडांच्या तोडीला उतरला, तर चर थांबवायला सांगता येईल मला."

एवढ्या बोलण्यातलं अनसाबाईनं एकच धरलं. माळ उतरला पाहिजे.

मग तिला चैन पडेना. माळ उतरवायचा कसा? तिच्या लोकांना जमिनीचं भलं करायची एकच विद्या ठाऊक. रानात मेंढरं बसवायची. वाघर म्हणजे दोरीची जाळी. ती चहूबाजूंनी लावून कळप रात्रभर कोंडला की लेंडी-मुताचं असं खत पडतं की पुढचं पीक बघत राहावं. भलेभले बागायतदार त्यासाठी धनगरांची वाट बघतात. उन्हाळा सरता सरता तिनं कुंपणाची तार उचलली आणि थेट खांबाला धरून वाघर लावली. पाऊस लागेपर्यंत रोज तिन्हीसांजेला मेंढरं आत, उजाडता बाहेर.

"बाईंना इचारलं का?" रखमाजी घाबरून म्हणाला.

"भलं करायला इचारत्यात व्हय?"

पाऊस पडला आणि खांबाभोवतीचं गवत काळंभोर उठलं. बाकीच्या माळापेक्षा वीतभर वर. अनसाबाई रोज जाऊन ते बघे आणि एकटीच हसे. आता कोण म्हणतो माळ पडीक?

सुलक्षणा आली ती मात्र तोंड पाडून. खांबाच्या आकड्यांत उन्हाळ्याच्या शेवटी माळ बिघडला होता. गवत झोपलेलं असताना कार्बन नुसता बाहेर फेकत होता, रात्री तर जास्तच. तिनं यंत्र बदललं, तारा तपासल्या, काही सापडलं नाही. "अहवाल द्यायची वेळ आलीय," ती रखमाजीला सांगत होती, "आणि हे असं दिसतंय. कशाच्या जोरावर सांगू मी, माळ ठेवा म्हणून?"

अनसाबाई पलीकडं मेंढरांत उभी होती. तिनं ऐकलं. पहाटे वाघर उघडताना तोंडावर येणारा तो ऊबदार भपका तिला आठवला. सगळ्या कळपाचा श्वास. बाईंनी तर सांगितलं होतं, श्वासात असतो म्हणून! ती खांबाकडं निघाली, परत फिरली, पुन्हा निघाली. रखमाजीनं डोळ्यांनीच दटावलं, गप राहा, नोकरी जाईल. ती गप राहिली असती तर ती अनसाबाई कसली!

"बाई, यंतर खोटं न्हाई. मेंढरं बसवली हुती म्या."

"कुठं?"

"हितंच. खांबाला धरून. माळ चांगला व्हावा म्हून."

सुलक्षणा हत्यारांच्या पेटीवर मटकन बसली. "अहो मावशी, माझं सगळं काम…" ती ओरडलीच. मग त्या काळ्याभोर गवताकडं बघता बघता तिचा आवाज उतरला. "माझे आबा तर धान्य देऊन बसवून घेत मेंढरं," ती म्हणाली. अनसाबाई डोळे पुसत उभीच होती.

सुलक्षणानं तेवढे दिवस हिशेबातून वगळले आणि का वगळले तेही खरंखरं लिहिलं. रखमाजीचं नाव सांभाळून घेतलं. बाकीच्या दिवसांत माळ झाडांसमोर ताठ उभा राहिला. निलगिरी पाणी किती पिते, ते वाचून वरचे साहेबही चपापले. चर रद्द झाले. सुलक्षणा ते सांगायला आली तेव्हा अनसाबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"पण मावशी," सुलक्षणा तिचा हात धरून म्हणाली. "मेंढरांमुळं माळ एवढा कार्बन बाहेर टाकतो, हे साहेबांनी वाचलं. माळाला तार घालणार आहेत. सगळ्या. चराई बंद. मी भांडले, म्हटलं चरूनच टिकलंय हे गवत. ते म्हणाले, अभ्यास करून दाखवा."

"आन् तवर?"



दिवाळीपूर्वी माळाभोवती तारेचं कुंपण लागलं. गवत मांडीला लागत होतं, पिकून सोनेरी झालेलं. मेंढरं सवयीनं फाटकाकडं वळली. फाटकात रखमाजी उभा होता. आता त्याच्याकडं सगळ्या माळाची राखण होती. त्यानं काठी आडवी धरली, पण बायकोकडं बघायचं धाडस त्याला होईना.

"हिकडनं न्हाई आता," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

अनसाबाईनं तारेपलीकडचं गवत डोळे भरून पाहिलं. वाचवलं होतं तिनं ते, तिनंच. अभिमान वाटला, आणि तेवढाच संतापही आला.

"बरूबर राखा," ती नवऱ्याला म्हणाली. "माझंबी मेंढरू आत घालू नका." मग तिनं काठी उगारली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मेंढरांना माळावरून हाकललं.