रॉकेटचं भाथं

त्या विज्ञान प्रदर्शनाची माझी यादी मला अजून पाठ आहे. काचेची हंडी, मेणबत्ती, कोळशाचे तुकडे, सोरा, परीक्षानळी, चिमटा, स्पिरिटचा दिवा, वाळूच्या बादल्या. यादी केल्याशिवाय मी भाजी आणायलासुद्धा जात नाही, तेव्हाही जात नसे. त्या दिवशी लागलेली सगळ्यात महत्त्वाची वस्तू मात्र त्या यादीत नव्हती.

साठ सालानंतरची गोष्ट. आमचा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता आणि मी शहाद्याच्या एका शाळेत नुकतीच विज्ञान शिकवायला लागले होते. दक्षिणेकडच्या समुद्रकिनाऱ्यावरून आपल्या देशाने रॉकेट सोडल्याची बातमी आली होती. न्हाव्याच्या दुकानात रॉकेट, एसटी स्टँडवर रॉकेट, कापसाच्या गाड्यांच्या रांगेतही रॉकेट. हेडमास्तरांनी प्रदर्शनातलं रॉकेटचं टेबल माझ्याकडे दिलं आणि मला आभाळ ठेंगणं झालं.

पण माझी खरी धडपड होती एका मुलीसाठी. तापीकाठच्या गुजर शेतकरी घरातली ही मुलगी आठवीत होती. ‘असं का?’ विचारून मला हैराण करणारी वर्गात ती एकटीच. नववीला विज्ञान घ्यायचं की गृहशास्त्र, हे घरून ठरायचं होतं आणि घरात शब्द चाले तिच्या आजोबांचा. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांनी गृहशास्त्र ठरवून टाकलं होतं. मी समजूत घालायला त्यांच्या घरी गेले, तर कारण भलतंच निघालं. मुलीने शिकू नये असं त्यांचं म्हणणं नव्हतंच. त्यांचं भांडण माझ्या विज्ञानाशी होतं.

“बाई, तुम्ही पोरले सांगतस, वर हवा नही. मंग सांगतस, तठे रॉकेटनी आग जळस. चुल्हाले फुंकणी नही लागनी तर इस्तो मरी जास. खोटं शिकाडी ऱ्हायनात तुम्ही.”

“खोटं नाही, आबा. तिथेही विस्तव जळतो. दाखवते.”

“हवाबिगर इस्तो जळता दखाडा, पोर तुमनी. नही ते तिले लाडू वळाले शिकाडा.”

ओसरीवर शेंगा फोडत बसलेली मुलीची फुई, म्हणजे आत्या, तिथूनच म्हणाली, “लाडू मी घर शिकाडसू. त्यानाकरता साळा कसाले?”

मी पैज घेतली.

प्रदर्शनाच्या दिवशी आबा बैलगाडी जुंपून आले, सोबत फुई. माझ्या टेबलाभोवती उभं राहायला जागा नव्हती. ती मुलगी माझ्या शेजारी, वेण्या घट्ट बांधून, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

आधी मी पेटत्या मेणबत्तीवर हंडी पालथी घातली. ज्योत बारीक झाली आणि विझली. “आगीला हवा लागते. हवेतलासुद्धा एकच वायू लागतो, ऑक्सिजन. इथवर आबांचं बरोबर,” मी म्हटलं. आबांनी मिशीवरून हात फिरवला.

मग परीक्षानळीत सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, तापवून वितळवला आणि त्यात कोळशाचा कण टाकला. कण लालबुंद झाला, उसळला, नळीत थयथय नाचायला लागला. पोरांनी टाळ्या पिटल्या. मला तर स्वतःलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. “ह्या सोऱ्यात ऑक्सिजन बांधलेला असतो. तापला की तो सुटतो आणि कोळशाला मिळतो. अशा पदार्थाला ऑक्सिडीकारक म्हणतात. लोहार भट्टीला बाहेरून भाता मारतो, पण रॉकेट आपला भाता सोबतच घेऊन जातं.”

“भाथं?” फुईचे डोळे चमकले. “रॉकेट भाथं लई जास? काय बांधतस त्यामा? भाकर का थेपला?”

हसण्याचा स्फोट झाला. मला क्षणभर कळेना. मग उलगडलं. आमच्याकडच्या गुजर घरांत भाथं म्हणजे वाटेत खायची शिदोरी. माझा पुस्तकी भाता फुईच्या कानात जाऊन भाथं झाला होता. मी “भाथं नाही हो, भाता,” म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आबा पुढे झाले.

“नळीनं तोंड उघडं शे, बाई. वरतीन हवा जाई ऱ्हायनी.”

आबा नळीत डोकावून पाहत होते. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं! कुठल्याही प्रयोगाला विचारावा असाच तो प्रश्न होता. पैज हरण्याची भीती होती आणि असा प्रश्न कुणी विचारला याचा आनंदही होता. यादीतली एकेक वस्तू मनात फिरवली. एकही कामाची नव्हती.

“आबा,” मुलगी एकदम म्हणाली, “आपली विहीर!”

“काय विहीर?”

“मागला उन्हाळामा सुरुंग लावना व्हता. छेदमा पाणी भरनं व्हतं. तरी वात पाणीमा जळनी. तुम्हीच सांगनं व्हतं!”

आबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू घरचा बैल बोलला. मी हेडमास्तरांकडे पाहिलं. जवळच लोणखेड्याला विहिरीचं काम चालू होतं. शिपाई सायकलवर गेला आणि सुरुंगवाल्याकडून दोन हात वात घेऊन आला. डांबरी वेष्टणाची, आत दारू भरलेली.

“साळामा दारू?” मागून कुणीतरी ओरडलं. “दारूबंदी शे ना, बाई!”

“प्यायची नाही, पेटवायची,” मी म्हटलं. “वातीच्या पोटात कोळसा, गंधक आणि आपला सोरा.”

सगळा जमाव मैदानात आला. पाण्याची बादली मध्ये. वातीचा मधला भाग पाण्यात बुडवला, दगड ठेवून दाबला, दोन्ही टोकं काठाबाहेर. मुलांना लांब उभं केलं. सुरुंगवाला शिपायाच्या मागोमाग मजा बघायला आलाच होता, त्यानेच एक टोक पेटवलं. सुर्र करत ठिणगी पाण्यापर्यंत गेली आणि नाहीशी झाली.

“मरनी,” आबा म्हणाले.

“बुडबुडे!” मुलगी ओरडली.

पाण्यातून धुराचे बुडबुडे वर येत होते आणि ओळीने पुढे सरकत होते. आणि फुर्र! दुसऱ्या टोकातून आगीची जीभ बाहेर पडली. मैदान असं गरजलं, की बाहेर बांधलेले बैल बिथरले. मी तर उडीच मारली, नवी साडी, नवी नोकरी, काही भान राहिलं नाही.

आबा बादलीजवळ उकिडवे बसले. “पाणीमा हवा कोठे व्हती तिले?”

आता मी भाता म्हटलं नाही. “भाथं होतं, आबा. विमान म्हणजे सुरतच्या वाटेवर विसरवाडीला थांबून जेवणारा ट्रकवाला, वाटेतली हवा खात जातं. रॉकेटला वर विसरवाडी नाही. म्हणून ते इंधनासोबत ऑक्सिजनचं भाथं बांधून निघतं. कधी सोऱ्यासारख्या घन पदार्थात, कधी ऑक्सिजनच इतका गार करतात की तो पाण्यासारखा ओतता येतो. आणि हे भाथं इंधनापेक्षा जड असतं.”

“लाकूडपेक्षा हवा जड?” आबांना आता गंमत वाटायला लागली होती.

“लांब जानं व्हई ते भाथं जडच लागस,” फुई म्हणाली. “हाई ते माले बी समजस. आते बोला, आबा. पैज तुम्हीच लावनी व्हती.”

आबा उठले. धोतर झटकलं. नातीकडे न बघता मला म्हणाले, “विहीरनं मन्हा ध्यानमा नही उनं. तिना ध्यानमा उनं.” मग म्हणाले, “लिखा तिनं नाव. इज्ञानमा.”

मुलगी हसलीही नाही. ती बादलीत हात घालून जळालेली वात बाहेर काढत होती, आतून कशी दिसते ते बघायला.

फुई गाडीकडे गेली आणि एक फडकं घेऊन आली. आत थेपले आणि लोणचं. “धर, बाई. सकायपासून उपाशी दिखी ऱ्हायनी तू.”

खरंच होतं. यादीत मी जेवणाचा डबा लिहायला विसरले होते.