पाणबुडीत रांधत कोण होतं?

सासू-सासरे मालवणहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले, तेव्हा इथे आखातात, अल गराफात, नुकती थंडी पडायला लागली होती. सासूबाई दोन दिवसांत रुळल्या. सासऱ्यांचं मात्र कठीण झालं. इथे गाडीशिवाय पाऊल टाकता येत नाही. माझा नवरा सकाळी रास लफानला गॅस प्रकल्पावर जायचा तो अंधार पडल्यावर यायचा, आणि मी शाळेत शिकवायला. सासरे कंपाउंडच्या भिंतीकडेने दहा फेऱ्या मारायचे आणि बाकावर बसायचे.

ते नौदलातून निवृत्त झालेले. विशाखापट्टणमला पाणबुडीवर, इलेक्ट्रिकलमध्ये होते, एवढंच घरात सगळ्यांना माहीत. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. नवऱ्याने लहानपणी विचारलं, तर म्हणायचे, तिथलं सगळं गुप्त असतं.

त्याच बाकावर एक पोलिश आजोबा येऊन बसू लागले. तेही सत्तरी ओलांडलेले, तेही मुलाकडे आलेले, आणि तितकेच कंटाळलेले. त्यांचं इंग्रजी बेताचं, सासऱ्यांचं हिंदीमिश्रित. तरी दोघांचं 'सबमरीन' या एका शब्दावर जमलं. दुसऱ्या दिवशी आजोबा पाकिटातून एक जुना फोटो घेऊन आले, आणि मी शाळेतून परतले तर दोघांनी मला थेट बाकावर बसवलं, दुभाषी म्हणून.

फोटोतला तरुण आजोबांचा मामा. महायुद्ध पेटलं तेव्हा तो एका पोलिश पाणबुडीवर होता. कप्तान आजारी पडला म्हणून ती टालिनच्या तटस्थ बंदरात शिरली, आणि तिथल्या सरकारने तिला अडकवून ठेवलं. नकाशे काढून नेले, तोफा निकामी केल्या, वर दोन पहारेकरी बसवले. एका रात्री खलाशांनी त्या दोघांना पकडलं आणि गोळीबारातून पाणबुडी बाहेर काढली. जर्मन रेडिओ सांगू लागला, की त्यांनी पहारेकऱ्यांना मारून टाकलं. खरं तर त्यांनी दोघांना खाणंपिणं देऊन स्वीडनच्या एका बेटाजवळ होडीत सुखरूप उतरवलं होतं. मग दीपस्तंभांच्या एका यादीवरून हाताने नकाशा काढला आणि पाणबुडी इंग्लंडला पोचवली. पुढच्या वर्षी ती उत्तर समुद्रात गस्तीवर गेली, ती परत आलीच नाही.

आजोबा थांबले. सासऱ्यांनी फोटो हातात घेतला. मग मला म्हणाले, "विचार त्यांना, पाणबुडीत रांधत कोण होतं?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण विचारलं. आजोबा हसले. म्हणाले, आयुष्यभर ही गोष्ट सांगतोय, सगळे कप्तानाचं विचारतात, टॉर्पेडोंचं विचारतात. हे कोणीच विचारलं नाही. उत्तर मात्र त्यांनाही माहीत नव्हतं.

मग सासरे बोलायला लागले, आणि मला भाषांतर करताना धाप लागली. पाव आधी बुरसतो. मग कांदे कुजतात. पाणबुडी पाण्याखाली असली की फोडणी घालायची नाही, वास चार दिवस जात नाही. सगळ्यांची तोंडं उतरलेली असतील त्या दिवशी काहीतरी गोड करायचं, साखर कितीही कमी असो. "दोन माणसं वाढली, ती पण शत्रूकडची म्हणावी अशी," ते म्हणाले. "त्यांना पण रोज ताट वाढलं असणार कोणीतरी. त्याचं नाव कुठे नसेल."

मी विचारलं, "बाबा, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"मीच करायचो," ते म्हणाले. "अठरा वर्षं. आचारी होतो मी."

लग्न ठरवताना मध्यस्थाने इलेक्ट्रिकल सांगून टाकलं होतं. आचाऱ्याला मुलगी कोण देईल, म्हणून. पुढे खरं सांगायचा धीर झाला नाही. घरी सुट्टीवर आले की उघडे पडू नये म्हणून ते स्वयंपाकघरात पायसुद्धा ठेवत नसत.

त्या संध्याकाळी त्यांनी सासूबाईंना सांगितलं. मी दाराशीच होते, जीव मुठीत धरून. सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"माका लग्नाच्या दुसऱ्या म्हयन्यातच कळला हुता," त्या म्हणाल्या. "झोपेत डाळीचा माप सांगी होतास. म्हटला, कधीतरी सांगतीत. पंचेचाळीस वर्सा मी रांधतंय आणि तुमी बसून जेवतास."

सासरे खाली बसले आणि हसत सुटले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग सासूबाईही हसल्या, पण मेथीची जुडी त्यांच्यापुढे सरकवून.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जेवण सासऱ्यांनी केलं. त्यांना पंच्याहत्तर माणसांचंच माप येत होतं. भागाकार करूनही आमच्या सर्वांत मोठ्या पातेल्यात डाळ मावेना. पोलिश आजोबा सगळ्या कुटुंबाला घेऊन आले आणि तीनदा वाढून घेतलं. उरलेलं जेवण गेटवरच्या पहारेकऱ्यांना आणि ड्रायव्हर लोकांना गेलं. ताटं सासऱ्यांनी स्वतः भरली, प्रत्येकाला विचारून, मीठ बरोबर आहे ना.